पंचांची गादी

आमच्या टेम्पोने ज्यांना उडवलं ते पंच पुढे जवळजवळ दोन वर्षं मेले नाहीत, याबद्दल आमचं सगळं घर त्यांचं ऋणी होतं. लोक दीर्घायुष्य मागतात ते आपल्या माणसासाठी. आम्ही एका परक्या माणसासाठी मागत होतो, आणि तेही निव्वळ स्वार्थापोटी.

आम्ही गादीवाले. पुढे दुकान, मागे कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. तिच्यात कापूस पिंजायचं यंत्र, शिवायचा ओटा आणि बाबा. बाबा गाद्या शिवायचे, दादा टेम्पोतून पोचवायचा, वहिनी दुकान बघायची आणि मी सगळ्यांच्या मधे मधे यायचो. आई गेल्यापासून घरातली अक्कल वहिनीकडे होती. ती म्हणायची, "या घरात नाक शिंकरलं तरी उशी होते."

बाबांनी विकलेली गादी जन्मात परत घेतली नाही. एकदा एक शिक्षिका तक्रार घेऊन आल्या, गादीमुळे पाठ दुखते म्हणून. बाबांनी त्यांना दुकानात इकडून तिकडे चालायला लावलं आणि म्हणाले, "बाई, गादी सरळ आहे. तुम्ही वाकड्या आहात." बाई तणतणत डॉक्टरकडे गेल्या. दुर्दैवाने डॉक्टरही तेच म्हणाले. त्या दिवसापासून बाबांना आवरणं अवघड झालं. गादी कडक लागते म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं एकच उत्तर असायचं, "सवय होईल." स्वतः मात्र ते सतरंजीवर झोपायचे. माल गिऱ्हाइकाचा, त्यावर आपण लोळायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. उभा जन्म गाद्या शिवून स्वतःच्या गादीवर त्यांनी एक रात्र काढली नव्हती. आम्हाला तो त्यांचा साधेपणा वाटायचा.

अपघात असा झाला. दादा टेम्पो भरून निघाला होता. दोरी सैल झाली आणि सगळ्यात वरची गादी वाऱ्यावर फडफडायला लागली. दादाने खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघितलं. पुन्हा पुढे बघितलं तेव्हा पुढे पंच होते. शाळेतल्या मुलांचा फुटबॉलचा सामना संपवून, गळ्यात शिट्टी तशीच ठेवून, ते रस्ता ओलांडत होते. दादाने करकचून ब्रेक दाबला. वरची गादी उडाली आणि रस्त्यावर अशी पसरली की जणू कोणी अंथरली. पंच तिच्या शेजारी पडले. दोन हात इकडे पडले असते तर ही गोष्टच झाली नसती.

त्यांचा मणका गेला. कमरेखाली पाय होते, पण पंचांना त्यांची काही बातमी मिळत नव्हती.

दादा हॉस्पिटलात माफी मागायला गेला आणि मला सोबत घेऊन गेला. काय बोलायचं याची वाटेत त्याने तीनदा तालीम केली. पलंगाजवळ पोचल्यावर तो नुसता रडायला लागला. पंचांनी त्याला रडू दिलं. मग उशीखाली हात घालून पिवळं कार्ड काढलं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं.

"पिवळं?" दादा नाक पुसत म्हणाला. "मला वाटलं लाल दाखवाल."

"लाल दाखवायचं तर मला मरावं लागेल," पंच म्हणाले. "मी तर इथेच आहे."

कायदा याहून सोप्या शब्दांत आम्हाला पुढे कोणीच सांगितला नाही.

पहिला खटला दुखापतीचा होता. दादाने गुन्हा कबूल केला. लायसन्स गेलं. कैद झाली, पण कोर्टाने ती लटकत ठेवली, नीट वागलास तर घरी राहा म्हणून. टेम्पो माझ्याकडे आला. त्याचं दुःख रस्त्याकडेच्या बऱ्याच खांबांना अजून आहे. सुटलो एकदाचे, असं म्हणत आम्ही सगळे वकीलबाईंचे आभार मानायला गेलो. त्यांचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं आणि खुर्च्या तीनच होत्या, म्हणून मी फायलींवर बसलो.

"एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "त्या पंचांना जपा."

"जपतोच आहोत," बाबा म्हणाले.

"तसं नाही. ते या जखमेमुळे गेले तर दुसरा खटला उभा राहील. मृत्यूचा."

"पण एकदा शिक्षा झाली ना?"

"ती दुखापतीची. मृत्यू अजून झालाच नाही, तर त्याची शिक्षा कशी होईल?"

दादाने विचारलं, "कधी गेले तर?"

"कधीही."

"दहा वर्षांनी?"

"जखमेमुळेच गेले असतील तर दहा वर्षांनीही."

"याला काही मुदत नाही? दुधाला असते," मी म्हणालो. वहिनीने माझ्याकडे बघितलं.

"पूर्वी कुठे कुठे होती," वकीलबाई म्हणाल्या. "एक वर्ष आणि एक दिवस. त्यानंतर माणूस मेला तर मारणारा मोकळा."

"किती चांगला कायदा होता," बाबा म्हणाले.

"गेला तो. तेव्हा इतक्या जखमी माणसाला डॉक्टर इतके दिवस जगवू शकत नव्हते. आता जगवतात."

वहिनीला तेव्हा सातवा लागला होता. तिने पोटावर हात ठेवून विचारलं, "म्हणजे ही टांगती तलवार आयुष्यभर?"

"हो. पण त्यांच्या आयुष्यभर," वकीलबाई म्हणाल्या.

आम्ही त्या दिवसापासून पंचांना जपायला लागलो. ते मुलीबरोबर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे. मुलगी बस डेपोत तिकीट खिडकीवर होती. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने दार अर्धं उघडलं आणि म्हणाली, "उडवणारे ना तुम्ही? पाय पुसून या." पण दिवसभर घरात अप्पांजवळ, म्हणजे पंचांजवळ, थांबायला माणूस हवं होतं, आणि आम्हाला अप्पा जिवंत हवे होते. सोयरीक जमायला याहून कमी कारणं पुरतात.

दादाची गाडी सुटलीच होती, त्यामुळे दिवसा तोच जायचा. दाढी करणं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं शिकला. पंच शिट्टीवर काम करायचे. एक शिट्टी म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस, लांब शिट्टी म्हणजे आता जा, मला झोपायचंय. रविवारी बाबा त्यांच्याशी पत्ते खेळायला जायचे आणि दोघं एकमेकांना लबाड म्हणायचे. वहिनी त्यांच्या सिगरेटी शोधून काढायची. पंचांना शिंक आली की आमच्या घरात सर्दी व्हायची.

"माझी एवढी काळजी माझ्या मुलीलासुद्धा नाही," पंच एकदा म्हणाले.

"असं का म्हणता, अप्पा?" मुलगी म्हणाली.

"तुला जेलची भीती नाही ना."

सगळे हसले. दादाही हसला, पण हसताना त्याने पंचांच्या अंगावरची चादर नीट केली. स्वार्थ कधी संपला आणि माणूस कधी सुरू झाला ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. पुढे पुढे पंचांना बरं नसलं की तो जेवायचा नाही, आणि विचारलं तर जेलचं नावही घ्यायचा नाही.

मधे वहिनीला मुलगी झाली. आता सगळं मार्गी लागेल असं वाटत होतं. आणि तिथेच बाबांची नजर हवेच्या गादीवर पडली.

हॉस्पिटलने पंचांना घरी पाठवताना ती गादी दिली होती. तिच्यात आडव्या नळ्या होत्या आणि पलंगाला टांगलेला एक छोटा पंप होता. तो दिवसरात्र घुरघुरत एका नळीत हवा भरायचा, दुसरीतली सोडायचा, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहू नये. इतके दिवस तिच्यावर चादर होती आणि बाबांचं लक्ष पत्त्यांत. त्या रविवारी चादर धुवायला काढली होती.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"गादी," पंच म्हणाले.

बाबांनी तिला बोट लावलं. ती हलली. बाबांनी हात मागे घेतला. घरी आल्यावर म्हणाले, "गादीवाल्याने माणूस उडवला आणि वर त्याला सायकलच्या ट्यूबवर निजवला. लोक तोंडात शेण घालतील."

"डॉक्टरांनी दिलीय ती," वहिनी म्हणाली.

"डॉक्टर गाद्या शिवतात का?"

नातीच्या पहिल्या गादीसाठी बाबांनी एक कापूस बाजूला ठेवला होता. लांब धाग्याचा, दुधासारखा, हातात घेतला तर हातात काही आहे हे कळू नये असा. तो त्यांनी काढला. वहिनीने विचारलं तेव्हा म्हणाले, "बाळाला काय, पुढच्या वर्षीचा येईल. ती अजून आडवी तरी कुठे राहते?" यंत्रावर न घालता तो त्यांनी हाताने पिंजला. खोळ दुहेरी घेतली. कापूस हलू नये म्हणून गादीभर बटणं बसवली आणि दाभणाने दोरा असा ओढला की प्रत्येक बटण आपल्या जागी घट्ट बसलं. ओट्यावर ती गादी तयार होऊन पडली तेव्हा मी म्हणालो, "बाबा, या गादीवर मेलेला माणूससुद्धा उठून बसेल." नको तेव्हा नको ते बोलण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

गादी दादाने आणि मी नेली. गादी वाहणं हे दोन माणसांचं काम आहे. पुढच्याला काही दिसत नाही आणि मागच्याला सगळं दिसतं, म्हणून मागे नेहमी दादा असायचा आणि जिन्यावर, दारात, कोपऱ्यावर "वळव" म्हणायचा. हवेची गादी गुंडाळून कपाटावर गेली. पंप बंद झाल्यावर खोलीत अशी शांतता पसरली की पंचांनी उगाच एक शिट्टी मारून बघितली. मग त्यांनी तळहाताने गादी दाबली.

"कडक आहे हो."

"सवय होईल," बाबा म्हणाले.

मुलगी संध्याकाळी डेपोतून आली आणि आधी चिडली. मग तिला त्या घुरघुरीशिवाय झोप लागली, कित्येक महिन्यांनी. गादीच्या बाबतीत गादीवाल्याचं नाही ऐकायचं तर कोणाचं, असं तिला वाटलं. कोर्टातही तिने हेच सांगितलं.

बाबा पुढच्या रविवारी विचारायला गेले. "काही त्रास?"

"काही नाही," पंच म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारीही काही नाही. बाबा खुशीत होते. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा तक्रार न करणारं गिऱ्हाईक भेटलं होतं. त्या माणसाला कमरेखालचं काही कळतच नाही, हे आमच्या सगळ्यांना माहीत होतं. रोज त्यांची कूस बदलणाऱ्या दादालाही माहीत होतं. पण दिवसा दादा कूस बदलायचा, आणि रात्री मुलगी गाढ झोपायची. पंच तिला उठवायला शिट्टी मारायचे नाहीत. दमते पोर, म्हणायचे. ते उताणेच पडून राहायचे, आणि माकडहाडाखाली बाबांचं एक बटण असायचं.

जखम आधी आतून वाढली, वरून काही दिसलं नाही. एक दिवस चादरीला डाग दिसला. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी त्यांना कुशीवर केलं आणि विचारलं, "हे कशावर झोपत होते?" जखम गोल होती. तिची खोली बघून मुलगी बाहेर जाऊन भिंतीला टेकली. विष रक्तात गेलं होतं.

शेवटी दादा जवळ होता. पंच तापात उशीखाली हात घालून काही शोधत होते. दादाला वाटलं, आता लाल काढणार. त्यांनी शिट्टी काढली, ओठांत धरली, पण फुंकर पुरली नाही. आतला मणी नुसता खुळखुळला. मग तोही थांबला.

दादा घरी येऊन जिन्यात बसला. मी त्याच्या शेजारी बसलो.

"एक होती की दोन, मला कळलंच नाही रे," तो म्हणाला. "पाणी हवं होतं की कूस?"

मला एकही विनोद सुचला नाही.

इन्स्पेक्टर आले ते फार अदबीने आले. दुकानात बसायला दिलेली गादी त्यांनी हाताने दाबून बघितली, बसले, आणि दादाला म्हणाले की आता मृत्यूचा खटला होणार. दादा फक्त "हो" म्हणाला. जिन्यातल्या त्या बोलण्यानंतर तो "हो" आणि "नाही" एवढंच बोलत होता. वहिनीच भांडत होती. "दोन वर्षं ज्याने त्यांचं हगणंमुतणं काढलं, त्याला तुम्ही मारेकरी म्हणता?"

"मी नाही म्हणत, ताई," इन्स्पेक्टर म्हणाले. "कायदा म्हणतो."

आम्ही पुन्हा वकीलबाईंकडे. त्यांनी टेबलावर चष्म्याच्या रिकाम्या डब्या ओळीने मांडल्या. "हा टेम्पो. हा मोडलेला मणका. हे अंथरूण. ही जखम. हा ताप. हा मृत्यू. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. याला कारणांची साखळी म्हणतात. ती मधे कुठे तुटली असं दाखवता आलं तर हा सुटेल."

"मधे माझी गादी आहे ना!" बाबा जवळजवळ आनंदाने म्हणाले.

"आहे. पण साध्या चुकीने साखळी तुटत नाही. डॉक्टरच्या हातून साधी चूक झाली तरी तुटत नाही. एखाद्याने अशी घोर चूक करावी लागते की पहिली जखम तिच्यापुढे काहीच वाटू नये."

"घोर म्हणजे किती घोर?"

"कल्पनेपलीकडची."

"आणि ज्याने ती केली त्याचं?"

"त्याच्यावर वेगळा खटला होऊ शकतो."

"मग जमलं," बाबा म्हणाले आणि उठले.

घरी तालीम सुरू झाली. वहिनी मुलीला कडेवर घेऊन सरकारी वकील व्हायची. "सांगा, गादी कशी होती?"

बाबा घसा खाकरायचे. "मध्यम."

"मध्यमने तुमचा मुलगा सुटणार नाही, बाबा. म्हणा, खराब."

"खोळ जरा..."

"खराब!"

"हलकी," बाबा म्हणायचे आणि त्यांना घाम फुटायचा. स्वतःच्या मालाला नावं ठेवणं त्यांच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. रोज जेवणानंतर आम्ही त्यांच्याकडून एक शिवी घोटून घ्यायचो. आठवड्याभरात ते 'खराब'पर्यंत आले. मग एक दिवस आपणहून म्हणाले, "भिकार." वहिनीला रडू आलं. दादा भिंतीकडे तोंड करून पडून होता. तो म्हणाला, "नाही." कशाला नाही म्हणाला ते आम्ही विचारलं नाही.

कोर्ट तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि गादी हा पुरावा होता. तिथल्या दोन शिपायांनी ती उचलून बघितली आणि पहिल्याच वळणावर ती भिंत आणि कठडा यांच्यात अडकवली. खाली वकिलांची रांग लागली. शेवटी कोणीतरी म्हणालं, यांच्यातच कोणी गादीवाले आहेत ना? मग आरोपी आणि आरोपीचा भाऊ यांनी आरोपीविरुद्धचा पुरावा वर नेला. मागून दादा म्हणत होता, "वळव. थोडी उभी कर. वळव."

गादी न्यायाधीशांच्या समोर टेबलावर ठेवली. गादी दिसली की माणूस ती हाताने दाबून बघतो. न्यायाधीशही माणूसच. त्यांनी खाली येऊन दाबली, मग ओशाळून जागेवर गेले.

डॉक्टरीणबाईंनी बटण दाखवलं आणि जखम तिथेच होती असं सांगितलं. मणका मोडला नसता तर बटण टोचल्यावर पंच आपणच सरकले असते, हेही सांगितलं. मग बाबा पिंजऱ्यात गेले.

"ही गादी तुम्ही शिवली?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"मीच. आणि ती भिकार आहे."

"मी अजून ते विचारलं नाही."

"खराब आहे. टाके वाकडे आहेत. बटणं उगाच ओढलीत. डॉक्टरांची चांगली गादी होती, ती मी काढली, आणि ते कडक म्हणाले तरी ऐकलं नाही. साहेब, ही साधी चूक नाही. ही घोर आहे. लिहून घ्या, घोर."

कारकुनाने न्यायाधीशांकडे बघितलं. वकीलबाईंनी डोळे मिटले.

"कधी झोपून बघितलंत तुम्ही हिच्यावर?" सरकारी वकील म्हणाले.

"नाही."

"तुमच्या कुठल्याही गादीवर?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली. तालमीत हा प्रश्न नव्हता. त्यांनी आमच्याकडे बघितलं, वहिनीच्या कडेवरच्या नातीकडे बघितलं, आणि जे आम्ही शिकवलं नव्हतं ते बोलले.

"आत चिंध्या भरल्यात, साहेब. कारखान्याची जमीन झाडून जे निघालं ते भरलंय. काटे, कचरा, दगडसुद्धा असतील. म्हटलं, पांगळ्या माणसाला काय कळतंय."

पंचांची मुलगी पहिल्या बाकावर होती. ती हळूच म्हणाली, "काका, काय बोलताय?"

न्यायाधीश म्हणाले, "गादी उघडा."

उघडणार कोण? बाबा साक्षीदार, दादा आरोपी. राहिलो मी. कारकुनाने कागद कापायची कात्री दिली. मी शिवण शोधली. वाकडा एकही टाका नव्हता. एकसारखे बारीक टाके, मुंगी चालत गेल्यासारखे. मी कापत असताना बाबा म्हणत होते, "हळू. धाग्याला धरून काप. खोळ फाडू नकोस," आणि मग आपण काय बोलतोय ते लक्षात येऊन गप्प झाले.

मी हात घातला आणि मूठभर बाहेर काढलं.

वर पंखा होता. तो कापूस माझ्या मुठीत राहिलाच नाही. तो वर गेला आणि खाली यायला त्याला फार वेळ लागला. सरकारी वकिलांच्या काळ्या कोटावर, फायलींवर, दिव्यावर, पंचांच्या मुलीच्या केसांत. न्यायाधीशांच्या भुवईवर एक पुंजका बसला आणि तो त्यांना कळला नाही, इतका तो हलका होता. "पंखा बंद करा," कोणीतरी ओरडलं.

वहिनीच्या कडेवरून आमची मुलगी दोन्ही हातांनी तो कापूस पकडत होती आणि खिदळत होती. तिचाच होता तो.

सरकारी वकिलांनी चिमटीत घेऊन बघितलं. "यात कचरा कुठे आहे?"

"खाली असेल," बाबा म्हणाले. "आणखी खाली बघा. मधे बघ रे. असेल. साहेब, असेल."

मी कोपरापर्यंत हात घातला. मी खरंच शोधत होतो. एक दगड, एक काटा, निदान एखादी सरकी. सगळीकडे नुसतं ऊबदार होतं.

दादा उभा राहिला. जिन्यातल्या त्या बोलण्यानंतरचं हे त्याचं पहिलं लांब वाक्य. "बाबा खोटं बोलतायत. गादी चांगली आहे. इतकी चांगली आम्ही कधी केली नाही."

"खाली बस," वकीलबाई कुजबुजल्या.

"पण त्यांच्यावर गादीवर पडून राहायची वेळ मी आणली. गादीने नाही."

"तू बस!" बाबा ओरडले. "त्याचं ऐकू नका, साहेब. तो गाद्यांतलं काही जाणत नाही, तो नुसता ड्रायव्हर आहे!"

यानंतर खटल्यात फारसं काही उरलं नाही. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की चूक झाली, पण ती मायेपोटी झालेली साधी चूक होती, आणि तिने साखळी तुटत नाही. दोन वर्षांची सेवा त्यांनी लक्षात घेतली. वकीलबाई म्हणाल्या, एरवी सहा झाली असती, चार झाली. वहिनीने विचारलं, चार वर्षांनी मुलगी केवढी असेल, आणि उत्तर तिचं तिनेच बोटांवर काढलं. दादाला बाजूच्या दाराने नेलं. जाताना त्याने आपल्या मुलीच्या केसांतलं काहीतरी काढलं, त्या दिवशी तिथे काही नसतानाही.

आम्ही निघालो तर कारकून मागून आला. "अहो, ही गादी कोण नेणार? इथे जागा नाही."

एक टोक मी धरलं. दुसरं बाबांनी धरलं, दादाचं. मी पुढे होतो, मला काही दिसत नव्हतं. पहिल्या वळणावर मी थांबलो. मागून कोणी काही बोललं नाही. मी तसाच पुढे गेलो आणि गादी भिंतीला धडकली. कापलेल्या शिवणीतून कापूस पायरीवर पडला. पंचांची मुलगी मागून येत होती. तिने तो वेचला, गादीत परत कोंबला, आणि पुढे उतरून गेली.

टेम्पोत गादी टाकली. वहिनी मुलीला घेऊन पुढे माझ्याशेजारी बसली. बाबांना म्हटलं, तुम्हीही पुढे या, दाटीवाटीने बसू. ते मागे चढले, पायांतलं काढून ठेवलं, आणि गादीवर उताणे झोपले. मग कंबर थोडी खाली, थोडी डावीकडे, असे सरकत राहिले, हवी ती जागा सापडेपर्यंत.

मी गाडी सुरू केली.

"बाबा, टोचतंय का?" मी मोठ्याने विचारलं.

"टोचतंय."

"मग बाजूला सरका ना."

मागून सरकल्याचा आवाज आला नाही. वहिनी म्हणाली, बघ रे, काय करतायत ते. मी मागे वळून बघितलं नाही. पुढे माणसं रस्ता ओलांडत होती.